अकरावी वाणिज्य : 'ओसी' हा विषय मुलांना व्यवसाय शिकवतो की व्यवसायाच्या व्याख्या?

चंद्रभागाकाठ

आषाढीची गर्दी ओसरली, म्हणून आज निवांतपणे लिहिते आहे. आमचे पंढरपुरात बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा आणि चुरमुरे-बत्तासे यांचे दुकान आहे. धाकटी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली आणि घरातल्या कोणीही आग्रह न करता तिने वाणिज्य शाखा निवडली. माध्यम मराठीच ठेवले आहे. इंग्रजी, मराठी, अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन व व्यवस्थापन (मुले ज्याला 'ओसी' म्हणतात तो) हे पाच विषय ठरले आहेत. सहावा विषय गणित घ्यावा की चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे 'एसपी', यावर घरात रोज चर्चा होते आणि रोज ती अर्धवट राहते.

खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. वारीच्या दिवसांत गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत ती गल्ल्याशेजारी बसून ओसीचे पुस्तक चाळत होती. व्यवसायाची व्याख्या, व्यवसायाची वैशिष्ट्ये, व्यवसायाची आर्थिक उद्दिष्टे, व्यवसायाची सामाजिक उद्दिष्टे असे सगळे मुद्द्यांत मांडलेले आहे. संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "यात जोखीम हे व्यवसायाचे वैशिष्ट्य आहे असे लिहिले आहे, पण आषाढीच्या आधी चुरमुऱ्यांची किती पोती भरून ठेवायची आणि पाऊस लागला तर त्यांचे काय करायचे, हे कुठेच नाही." तिच्या वडिलांना हसू आले. मला मात्र हसू आले नाही, कारण हाच विषय पुढची दोन वर्षे ती शिकणार आहे. ज्यांनी हा विषय शिकला आहे किंवा शिकवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

स्पष्टवक्ता

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी सत्त्याण्णव सालचा बारावी वाणिज्य. इचलकरंजीत माझे हार्डवेअरचे दुकान आहे. हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वे मी आजही क्रमाने म्हणून दाखवू शकतो, कारण ती तशीच पाठ करून घेतली होती. परंतु इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने, पुरवठादाराने किंवा बँकेच्या व्यवस्थापकाने मला ती विचारलेली नाहीत. विषय गुण मिळवून देतो, एवढाच त्याचा उपयोग. धंदा तुमची मुलगी दुकानातच शिकेल, किंबहुना शिकलेलीच आहे असे तिच्या प्रश्नावरून दिसते.

फळाखडू

मी सांगली जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे हा विषय शिकवतो आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असणार, हे आधीच मान्य करतो.

मुलीचा आक्षेप योग्य आहे, परंतु दोष पुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकेत अधिक आहे. बारावीची ओसीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. त्या ८० पैकी २० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना, ८ संज्ञा स्पष्ट करण्यास, १२ फरक स्पष्ट करण्यास, ८ थोडक्यात उत्तरांना, ८ विधाने सकारण स्पष्ट करण्यास आणि उरलेल्यांतले १८ दीर्घोत्तरी प्रश्नांना जातात. एखादी परिस्थिती देऊन 'अभ्यास करून आपले मत लिहा' असे सांगणारा जो प्रश्न आहे, त्याला केवळ ६ गुण आहेत. त्यातही बहुतेक वेळा 'येथे व्यवस्थापनाचे कोणते तत्त्व मोडले आहे' एवढेच ओळखायचे असते. मत असे काही लिहायचे नसते. शिक्षक शेवटी गुणांच्या मागे जातो. एका तुकडीत ऐंशी मुले, आठवड्याला मोजक्या तासिका आणि फेब्रुवारीत परीक्षा, असे असताना मुद्दे फळ्यावर लिहून देणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. मीही अनेक वर्षे तेच केले आहे.

आता स्पष्टवक्ता यांच्या चौदा तत्त्वांविषयी. फेयॉल हा कोणी प्राध्यापक नव्हता. तो फ्रान्समधल्या एका कोळसा व लोखंड कंपनीत खाण अभियंता म्हणून लागला, आणि १८८८ साली कंपनी बुडण्याच्या बेतात असताना तिची सूत्रे त्याच्याकडे आली. जवळजवळ तीस वर्षे ती कंपनी चालवताना जे हाताला लागले, ते त्याने १९१६ साली लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे ही तत्त्वे एका दुकानदारानेच, फक्त फार मोठ्या दुकानदाराने, लिहिलेली आहेत. ही हकिकत न सांगता 'कार्यविभागणी, अधिकार व जबाबदारी, शिस्त' अशी यादी मुलांपुढे ठेवली, तर ती मुलांना स्तोत्रासारखी वाटणारच. मी आता वर्गात उलट्या बाजूने सुरुवात करतो. ज्यांच्या घरी दुकान, दूधसंकलन केंद्र, रसवंती किंवा ट्रॅक्टरचा धंदा आहे त्यांना विचारतो, की तुमच्याकडच्या नोकराला एकाच वेळी वडील एक आणि काका दुसरेच काम सांगतात का? निम्मा वर्ग हसतो. त्यानंतर फळ्यावर 'आदेशातील एकवाक्यता' असे लिहितो. त्या दिवशी ते तत्त्व कोणाला पाठ करावे लागत नाही.

अकरावीच्या पुस्तकातली व्यवसाय संघटनेच्या प्रकारांची प्रकरणे तर आमच्या भागात अक्षरशः जिवंत आहेत. एकल व्यापारी, भागीदारी, संयुक्त हिंदू कुटुंब, सहकारी संस्था, संयुक्त भांडवली कंपनी हे सगळे प्रकार एकाच गावात दाखवता येतात. कंपनीत ज्याचे भाग (शेअर) अधिक त्याची मते अधिक, तर सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला एकच मत, हा फरक पुस्तकात एका ओळीचा आहे. ज्या मुलाने साखर कारखान्याच्या निवडणुकीत घरासमोर रात्री अकराला थांबणाऱ्या गाड्या पाहिल्या आहेत, त्याला त्या ओळीचे वजन माझ्यापेक्षा चांगले कळते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना हा चार गुणांच्या टिपेचा विषय नव्हे. सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यातून ऊस उत्पादक बाहेर कसा पडला, याचा तो व्यवसायशास्त्रातला धडा आहे.

जुनीवही

ओसीविषयी वरिष्ठांनी लिहिले आहेच. मी पुस्तपालनाविषयी थोडे लिहितो, कारण व्यवसाय शिकवणारा खरा विषय तोच आहे असे माझे मत आहे. मी बँकेतून निवृत्त झालो असून जुन्या चोपड्या वाचण्याचा मला नाद आहे.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक फायदा असतो आणि तो त्यांना कोणी सांगत नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाजू जुळतात का ते पाहण्याचा तक्ता), ताळेबंद हे शब्द इंग्रजी पुस्तकावरून पाठ्यपुस्तक मंडळाने घडवलेले नाहीत. पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत, ताळेबंद आहेत. कारकुनाने दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत टिपायचे आणि मग खात्यांवर खतवायचे, ही शिस्त आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाच्या आधीपासून होती. 'जर्नल' आणि 'लेजर' पाठ करणाऱ्या मुलाला तो शब्द परका वाटतो. 'कीर्द-खतावणी' हा शब्द आपल्या मुलीने कदाचित आजोबांच्या तोंडून ऐकलेला असेल.

परंतु याच ठिकाणी एक अडचणही आहे. देशी नाम्याच्या, म्हणजे परंपरागत हिशेबलेखनाच्या, पद्धतीत रोकड वहीची डावी बाजू जमेची (क्रेडिटची) आणि उजवी बाजू नावेची (डेबिटची) असते. पाठ्यपुस्तकातल्या द्विनोंदी पद्धतीत खात्याची डावी बाजू नावे आणि उजवी बाजू जमा. घरी जुन्या पद्धतीची वही पाहिलेली मुले पहिल्या महिन्यात हमखास गोंधळतात आणि आपल्याला हा विषय जमणार नाही असे समजून बसतात. तर्क दोन्हीकडे एकच आहे. देशी वहीत कोणी पाचशे रुपये आणून दिले, की त्या माणसाच्या नावाने डावीकडे जमा लिहितात, म्हणजे त्या माणसाचे खाते जमा होते. पुस्तकातला नियमही तेच सांगतो : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. फरक इतकाच की देशी वही रोकड खात्याकडे न पाहता पैसे देणाऱ्या माणसाकडे पाहते. एवढे एकदा नीट समजावून सांगितले, की 'रोख आली तरी रोकड खाते नावे कसे?' हा प्रश्न सुटतो. नाहीतर तो अनेकांच्या मनात बी.कॉम. होईपर्यंत तसाच राहतो. बँकेत नोकरीला लागलेल्या पदवीधरांत मी तो पाहिला आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो, पण वर्षभर ती वही लिहितो का, हा प्रश्न धाग्याच्या विषयाबाहेरचा आहे, म्हणून सोडून देतो.

गोदाकाठचा सनदी

मी नाशिकमध्ये सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो. 'गणित की एसपी' या प्रश्नापुरते लिहितो.

वाणिज्य शाखेच्या गणिताच्या पुस्तकाला पालक विनाकारण घाबरतात. बारावीच्या त्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात दलाली, कमिशन व सूट, विमा व वार्षिकी, निर्देशांक, काल श्रेणी, रेषीय नियोजन, कोणते काम कोणाकडे द्यावे ते ठरवण्याची नियुक्ती समस्या, अशी प्रकरणे आहेत. माझे मत काही जणांना आवडणार नाही, पण ओसीच्या पुस्तकापेक्षा या गणिताच्या पुस्तकात व्यवसाय अधिक आहे. आषाढीच्या आधी किती पोती भरावीत, हा तुमच्या मुलीचा प्रश्न मुळात गणिताचाच प्रश्न आहे.

पुढे सी.ए. करण्याचा विचार असेल, तर निर्णय आणखी सोपा होतो. सी.ए.च्या फाउंडेशन या पहिल्या परीक्षेत आता चार विषय आहेत : लेखाकर्म, व्यवसाय कायदे, संख्यात्मक अभिक्षमता आणि व्यवसाय अर्थशास्त्र. पूर्वी व्यावसायिक पत्रव्यवहार आणि सर्वसाधारण वाणिज्य ज्ञान असे जे भाग त्यात होते, ते नव्या योजनेत वगळले गेले. संख्यात्मक अभिक्षमतेच्या १०० पैकी ४० गुण गणिताला, ४० संख्याशास्त्राला आणि २० तर्काला असतात; चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. अकरावीला गणित सोडलेली मुले येथे अडतात आणि मग दोन वर्षांचे गणित चार महिन्यांत शिकवणाऱ्या शिकवण्या शोधत फिरतात. बी.कॉम.ला जायचे असेल, तर गणित नसले तरी चालते. बीबीए, बीएमएससाठी २०२४ पासून राज्यात सामाईक प्रवेश परीक्षा आहे, आणि तीत गणिती प्रश्नांना तोंड द्यावेच लागते.

एक सूचना माध्यमाविषयी. सी.ए.ची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. म्हणून मराठी माध्यम सोडण्याचे मुळीच कारण नाही, परंतु पहिल्या दिवसापासून वहीच्या समासात घसाऱ्यासमोर 'डेप्रिसिएशन', ख्यातीसमोर 'गुडविल', उचलीसमोर 'ड्रॉइंग्ज' असे लिहीत जावे. संकल्पना मराठीत पक्की झाली असेल, तर दुसरा शब्द शिकायला एक मिनिट लागते. संकल्पनाच कच्ची असेल, तर दोन्ही शब्द सारखेच परके वाटतात.

लीड्सकर

इंग्लंडमधला अनुभव लिहितो. माझ्या मुलाने इथे सोळाव्या वर्षी दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेसाठी 'बिझनेस' हा ऐच्छिक विषय घेतला होता. त्याच्या परीक्षा मंडळाच्या, म्हणजे एक्यूएच्या, दोन प्रश्नपत्रिका होत्या. प्रत्येकी पावणेदोन तास आणि ९० गुण. व्याख्या तिथेही असतात, पण थोड्या. एखाद्या लहान व्यवसायाची माहिती, खर्चाचे आकडे आणि विक्रीचा तक्ता देतात, आणि शेवटी 'मालकाने या दोन पर्यायांपैकी कोणता निवडावा ते सुचवा आणि कारणे द्या' असे विचारतात. कोणताही पर्याय निवडला तरी चालतो. गुण कारणांना मिळतात.

ताईंच्या दुकानाचेच उदाहरण घेऊ. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. वारीसाठी वाळवंटाजवळ एक जादा टपरी घेतली आणि तिचे भाडे व दोन मदतनीस मिळून १२,००० रुपये स्थिर खर्च आला. प्रसादाची पुडी पडते १२ रुपयांना आणि विकली जाते २० रुपयांना. प्रत्येक पुडीमागे ८ रुपये हाती राहतात. १२,००० ला ८ ने भागले, की उत्तर येते १,५००. पंधराशेवी पुडी विकली जाईपर्यंत टपरी तोट्यात आहे आणि त्यानंतरची प्रत्येक पुडी नफ्यात आहे. याला ना-नफा-ना-तोटा बिंदू म्हणतात. इथली मुले तो पंधराव्या वर्षी आलेखावरून ओळखतात आणि पुढच्याच प्रश्नात त्यांना विचारतात, की मुसळधार पावसाने गर्दी निम्मी झाली, तर टपरी घ्यावी का?

तिकडे सगळे चांगले आणि आपल्याकडे सगळे वाईट असे मला म्हणायचे नाही. या विषयात मुलाला जमाखर्च लिहिता आला नाही तो नाहीच. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांचे नाव त्याने ऐकलेले नाही. नफा किती झाला हे तो सांगतो, पण तो आकडा कोणत्या वहीतून आला हे त्याला माहीत नाही. महाराष्ट्रातली अकरावीची मुलगी यात त्याच्या बरीच पुढे असेल.

स्पष्टवक्ता

फळाखडू सर, फेयॉल स्वतः कंपनी चालवत होता हे मला आज, या वयात, प्रथमच कळले. आमच्या सरांनी ते सांगितले असते, तर कदाचित मी इतक्या तुच्छतेने लिहिले नसते.

वर उचलीचा उल्लेख आला म्हणून एक प्रामाणिक कबुली देतो. दुकान सुरू केल्यावर पहिली तीन वर्षे मला वाटत होते की धंदा तोट्यात आहे. विक्री चांगली, नफ्याचे प्रमाण बरे, आणि तरीही पुरवठादाराचे पैसे द्यायच्या वेळी गल्ला रिकामा. शेवटी एका जाणत्या माणसाने विचारले, की घरखर्चाला पैसे कुठून नेतोस? मी गल्ल्यातून नेत होतो. शाळेची फी, दवाखाना, बहिणीच्या लग्नातला आहेर, सगळे गल्ल्यातून. घराच्या दुरुस्तीला लागलेले नळ आणि रंगसुद्धा दुकानातलेच, तेही कुठेही न लिहिता. धंदा तोट्यात नव्हता; मी तो उचलत होतो. पुस्तपालनात हा धडा मी शिकलो होतो : मालकाने घरासाठी माल नेला, तर उचल खाते नावे आणि खरेदी खाते जमा. परीक्षेत ती नोंद मी बरोबर लिहिली होती. मालक आणि व्यवसाय हे दोन वेगळे आहेत, ही संकल्पनासुद्धा दोन गुणांसाठी लिहिली होती. तो मालक म्हणजे पुढे मीच असणार, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

तरीही माझा मूळ आक्षेप मागे घेत नाही. लीड्सकर यांनी लिहिलेला प्रश्न आपल्याकडे बोर्डाने विचारला, तर पुढच्याच वर्षी गाईडमध्ये टपरीचे उत्तर छापून येईल आणि मुले तेही पाठ करतील.

फळाखडू

गाईडविषयी आपण म्हणता ते नाकारता येत नाही. माझे उत्तर इतकेच आहे, की २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन पूर्णपणे शिक्षकाच्या हातात आहे आणि तिथे गाईडचे काही चालत नाही. दुर्दैवाने तिथेही अनेक ठिकाणी रंगीत मुखपृष्ठ, आभार, प्रस्तावना आणि आंतरजालावरून उतरवलेली दहा पाने, असाच प्रकल्प स्वीकारला जातो.

मी गेली काही वर्षे एकच काम देतो : ओळखीच्या एका लहान व्यवसायाचा सात दिवसांचा जमाखर्च लिहा आणि मालकाला तीन प्रश्न विचारा. एका मुलीने आपल्या आईच्या पोळी-भाजी केंद्राचा हिशेब आणला. पीठ, तेल, गॅस, भाजी वजा जाता आठवड्याला बऱ्यापैकी नफा दिसत होता. वर्गातल्याच एका मुलाने विचारले, की आईची मजुरी कुठे धरली आहे? दुसऱ्याने विचारले, घरातली जी खोली वापरता तिचे भाडे? ती मजुरी बाजारभावाने धरल्यावर नफा जवळजवळ उरलाच नाही. मुलगी थोडी हिरमुसली. पण पुढच्या महिन्यात तिच्या आईने पोळीचा दर एक रुपयाने वाढवला, असे तिने येऊन सांगितले. त्या मुलीला पाठ्यपुस्तकातला 'लघु व्यवसाय' हा धडा मी वेगळा शिकवला नाही.

एफवाय वाणिज्य

मी दोन वर्षांपूर्वी बारावी झाले असून एसपी घेतले होते. सर्व मोठ्यांनी लिहिले आहे, म्हणून थोडे संकोचानेच एसपीच्या बाजूने लिहिते.

विषयाचे नाव जुनाट आहे हे खरे. 'चिटणीस' म्हटले की बाळाजी आवजी आठवतात, कंपनी सचिव आठवत नाही. भागवाटप पत्र, लाभांश पत्र, ठेवीदाराला ठेवीच्या नूतनीकरणाचे पत्र अशी पत्रे पाठ करताना कंटाळा येतो, हेही खरे. परंतु भाग आणि कर्जरोखे यांत काय फरक असतो, अग्रहक्क भाग म्हणजे काय, डिमॅट खाते कोणाकडे असते आणि त्यात निक्षेपस्थानाची (शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपणाऱ्या संस्थेची) भूमिका काय, हे मला एसपीमुळे सतराव्या वर्षी कळले. माझ्या चुलतभावाने अभियांत्रिकी करून नोकरी लागल्यावर भ्रमणध्वनीवरून शेअर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला एनएसडीएल आणि सीडीएसएल ही दोन निक्षेपस्थाने म्हणजे काय भानगड आहे ते मी समजावून सांगितले. अडचण एवढीच की पुस्तक छापले जाते आणि बाजार पुढे जातो. आम्ही शाळेत असतानाच सौदापूर्ती, म्हणजे सौद्यानंतर शेअर आणि पैसे यांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, दोन दिवसांवरून एका दिवसावर आली. २७ जानेवारी २०२३ पासून ती सगळ्याच शेअरना लागू झाली. चांगले शिक्षक अशा जागी पेन्सिलीने दुरुस्ती करून देतात.

ओसीतल्या ग्राहक संरक्षणाच्या प्रकरणाचा तर मला प्रत्यक्ष उपयोग झाला. ऑनलाइन मागवलेला मिक्सर बिघडलेला आला आणि विक्रेता दाद देईना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पैसे परत मिळाले. हेल्पलाइनवर काम झाले नसते, तर २०१९ च्या कायद्यानुसार मी राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हे मला ठाऊक होते. वडिलांना ते ठाऊक नव्हते. १९८६ चा कायदा, २०१९ चा कायदा आणि जिल्हा, राज्य व राष्ट्रीय आयोग हा फरकाचा तक्ता मीही परीक्षेसाठीच पाठ केला होता. पाठ केलेले कधी कधी कामालाही येते, एवढेच नोंदवते.

गोदाकाठचा सनदी

एफवाय यांनी एसपीची बाजू चांगली मांडली. कंपनी सचिव व्हायचे असेल, तर मी स्वतः एसपीच सुचवले असते. तरी दुकान पुढे चालवण्याची शक्यता असलेल्या मुलीला गणितच घेऊ द्यावे, या मतावर मी ठाम आहे. कंपनीच्या सभासदांना पत्र लिहिण्याची वेळ तिच्यावर कधी येईल ते ठाऊक नाही. कर्जाचा हप्ता आणि त्यातले व्याज किती, हे मात्र तिला पंचविशीच्या आतच काढावे लागेल.

चंद्रभागाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. निर्णय मुलीनेच घेतला आणि गणित घेतले. 'पोती किती भरावीत हा गणिताचा प्रश्न आहे' हे वाक्य तिने दोनदा वाचून दाखवायला लावले. स्पष्टवक्ता यांची उचलीची हकिकत मी यजमानांना वाचून दाखवली. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गल्ल्याजवळ एक लहान वही ठेवलेली दिसली.

चंद्रभागाकाठ

(कार्तिकीनंतर) धागा वर काढते, क्षमा असावी. वर्गात खतावणी आणि तेरीज शिकवून झाली, म्हणून मुलीने कार्तिकीच्या पंधरा दिवसांचे आमच्या दुकानाचे सर्व व्यवहार रोजकीर्दीत लिहून खतवले. तेरीज जुळत नाही. नावे बाजू २,७०० रुपयांनी जास्त येते. तिने तीन वेळा बेरजा तपासल्या आहेत आणि आता ती जेवायलाही उठत नाही. सरांनी काही सुचवावे.

फळाखडू

आधी तिला जेवायला सांगा. मग फरकाला दोनाने भागावे : १,३५० ची एखादी रक्कम चुकीच्या बाजूला खतवली गेली आहे का, ते पाहावे. तशी सापडली नाही, तर फरकाला नऊने भागून पाहावे. २,७०० ला नऊने निःशेष भाग जातो. असे झाले, की बहुतेक वेळा एखाद्या रकमेतले दोन अंक उलटसुलट लिहिले गेलेले असतात. येथे हजार आणि शंभर यांच्या जागचे अंक पाहावेत, आणि त्या दोन अंकांत तीनचा फरक असेल. रोजकीर्द बरोबर असावी. चूक खतवताना झाली असण्याचा संभव अधिक आहे. नावे बाजू जास्त आहे, म्हणून आधी पुरवठादारांची खाती तपासावीत.

चंद्रभागाकाठ

सापडले. चुरमुरेवाल्याचे बिल ७,४०० चे होते, त्याच्या खात्यावर ४,७०० जमा लिहिले गेले होते. ती आत्ता जेवते आहे.